पात्रता : दिलेली आणि कमावलेली

17 ऑक्टोबर 2025 रोजी वसुबारस होती. व्यापारी घरांतून वहीपूजनाची तयारी चालली होती, दुकानांत दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती आणि मंदिरांतून भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवाची आखणी सुरू होती. त्याच दिवशी किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाने उझबेकिस्तानचा 2-1 असा पराभव केला आणि 2026 मध्ये चीनमध्ये होणाऱ्या आशियाई चषक स्पर्धेत स्थान मिळवले. या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेत भारत यापूर्वी 2005 मध्ये खेळला होता. परंतु त्या वेळी पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती. पात्रता फेरी खेळून आणि जिंकून भारताच्या या मुली मुख्य स्पर्धेत जाण्याची ही पहिलीच वेळ.

सणाच्या धामधुमीत ही वार्ता अनेकांच्या नजरेतून निसटली असणे स्वाभाविक आहे. तिचे खरे मोल कळण्यासाठी मात्र तीन वर्षे मागे जाऊन जुनी वही उघडावी लागते.

2022 चा ताळेबंद

महिला फुटबॉलच्या दृष्टीने 2022 हे वर्ष भारतासाठी मोठ्या मानाचे ठरणार होते. एकाच वर्षात दोन मोठ्या स्पर्धांचे यजमानपद देशाकडे आले होते. पहिली, वरिष्ठ महिलांची आशियाई चषक स्पर्धा, जानेवारी महिन्यात मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे सुरू झाली. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. पहिल्या सामन्यात इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि लगेच संघात कोविडचा शिरकाव झाला. दुसऱ्या सामन्यासाठी मैदानात उतरवण्याइतक्या खेळाडूही उरल्या नाहीत. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे नियमानुसार मानले गेले आणि खेळलेला एक सामनाही हिशेबातून वगळला गेला. घरच्याच मांडवात यजमानाचे पान रिकामे राहिले.

दुसरी स्पर्धा सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची. ती मुळात 2020 मध्ये भारतात व्हायची होती. महामारीमुळे आधी पुढे ढकलली गेली आणि मग त्या आवृत्तीपुरती रद्दच झाली. यजमानपद 2022 साठी कायम राहिले. या निर्णयाचा फटका बसलेल्या मुलींचा विचार फारसा कोणी केला नाही. 2003 आणि 2004 मध्ये जन्मलेल्या ज्या मुली 2020 च्या स्पर्धेसाठी तयारी करत होत्या, त्या 2022 उजाडेपर्यंत वयोमर्यादेबाहेर गेल्या होत्या. दोन वर्षांचा सराव जमेस होता. पण तो वटवण्याची मुदत टळून गेली होती.

ऑगस्ट 2022 मध्ये आणखी एक विघ्न आले. जागतिक फुटबॉल संघटना फिफाने बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून भारतीय महासंघावर बंदी घातली आणि ऐन तोंडावर आलेला विश्वचषकच धोक्यात आला. सुमारे दहा-बारा दिवसांत ती बंदी उठली आणि ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे स्पर्धा पार पडली. यजमान म्हणून भारताला येथेही थेट प्रवेश होता. गटात अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील होते. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3 आणि ब्राझीलकडून 0-5 अशा तीन पराभवांनी भारताची मोहीम संपली. नावे बाजूला सोळा गोल आणि जमेस शून्य, असा तो हिशेब होता. ब्राझीलविरुद्धचा अखेरचा सामना भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाला, त्याची तारीखही 17 ऑक्टोबरच होती. पुढे 30 तारखेला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवून चषक जिंकला.

या पराभवाचा दोष त्या मुलींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांना जगातील बलाढ्य संघांसमोर उभे केले गेले. परंतु तेथपर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या त्या चढल्या नव्हत्या. अन्य बहुतेक संघ आपापल्या खंडांतील पात्रता फेऱ्या खेळून, काही सामने जिंकून, काही हरून, दडपण म्हणजे काय हे अनुभवून आले होते. भारताच्या हाती होते ते निमंत्रण. व्यापारी मनुष्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. वडिलांच्या नावावर मिळालेली उधारी आणि स्वतःच्या व्यवहारातून बांधलेली पत या दोन्हींनी माल मिळतो. पण बाजार पडतो तेव्हा दुसरीच उपयोगी पडते.

पात्रता फेरीचे गणित

आशियाई फुटबॉल महासंघाच्या 2026 च्या मुलींच्या स्पर्धेत बारा संघांना जागा आहे. यजमान चीनसह उत्तर कोरिया, जपान आणि दक्षिण कोरिया यांना मागील कामगिरीमुळे थेट प्रवेश मिळाला. उरलेल्या आठ जागांसाठी आठ गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटातील केवळ पहिल्या क्रमांकाच्या संघाला पुढे जाता येणार होते. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नव्हते.

भारताच्या गटात तीनच संघ होते : भारत, यजमान किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान. तीन संघांचा गट वरवर सोपा वाटतो. प्रत्यक्षात तोच अधिक निर्दय असतो, कारण प्रत्येकाला दोनच सामने मिळतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. एक सामना हातून गेला की तो भरून काढायला तिसरा सामना नसतो. गुण समसमान झाले तर आधी बरोबरीत असलेल्या संघांच्या परस्परांतील सामन्यांचा निकाल पाहिला जातो आणि गोलफरक त्यानंतर मोजला जातो. त्यामुळे दुबळ्या संघावर गोलांची खैरात करून बलवान संघाविरुद्धची तूट भरून काढण्याची वाटही येथे अरुंदच असते.

अशा फेरीतून भारताला यापूर्वी जाता आले नव्हते. 2023 मध्ये याच बिश्केक शहरात मुलींच्या संघाने पात्रतेची पहिली फेरी पार केली होती. पण त्या वेळी दोन फेऱ्या होत्या आणि दुसऱ्या फेरीत संघ अडला. या खेपेस अनुभवाची थोडी शिदोरी सोबत होती. ऑगस्ट 2025 मध्ये भूतानची राजधानी थिंफू येथे झालेली दक्षिण आशियाई स्पर्धा या मुलींनी जिंकली होती. तेथील शेवटच्या सामन्यात बांगलादेशाकडून हारही पत्करावी लागली होती आणि ती हारही शिदोरीत जमा झाली होती. स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन हे मुख्य प्रशिक्षक होते.

बिश्केकचे दोन सामने

13 ऑक्टोबर रोजी यजमान किर्गिझस्तानविरुद्ध भारताने 2-1 असा विजय मिळवला. चार दिवसांनी उझबेकिस्तानशी गाठ पडली. 38 व्या मिनिटाला उझबेकिस्तानने गोल केला आणि भारत मागे पडला.

या ठिकाणी प्रशिक्षकांनी जो निर्णय घेतला, तो कोणत्याही पेढीच्या धन्याने लक्षात ठेवावा असा आहे. सर्वसाधारण रीत अशी की मध्यंतरापर्यंत थांबावे, खेळाडूंशी बोलावे आणि मग बदल करावा. अलेक्झांडरसन यांनी मध्यंतराची वाट पाहिली नाही. 40 व्या मिनिटालाच त्यांनी थंडामोनी बास्के हिला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले. 55 व्या मिनिटाला तिनेच बरोबरीचा गोल केला. 66 व्या मिनिटाला तिने दिलेल्या पासवर अनुष्का कुमारीने दुसरा गोल केला. उरलेली जवळपास पंचवीस मिनिटे संघाने ती आघाडी राखली.

मागे पडल्यानंतर सामना फिरवणे हे फुटबॉलमध्ये अवघड मानले जाते. सोळा वर्षांच्या मुलीला परक्या देशात, एका पराभवाने सारी वाट बंद होणार हे ठाऊक असताना ते करणे अधिकच अवघड असते. तीन वर्षांपूर्वी याच वयोगटाचा संघ एका गोलाने मागे पडला की सावरत नसे. या संघाने सावरून दाखवले. दोन सामने, सहा गुण, गटात पहिला क्रमांक : पात्रतेची नोंद इतकी सरळ आहे.

एका वर्षातील तीन नोंदी

बिश्केकचा विजय एकटा असता तर त्याला नशिबाचा कौल म्हणता आले असते. परंतु 2025 मध्ये भारताच्या तिन्ही महिला संघांनी पात्रता फेरीतूनच आशियाई स्पर्धा गाठली.

जून-जुलैमध्ये थायलंडमधील चियांग माई येथे वरिष्ठ संघाने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0 आणि अखेरच्या निर्णायक सामन्यात यजमान थायलंडला 2-1 असे नमवले. त्या सामन्यातील दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते. चार सामन्यांत चोवीस गोल केले आणि एकच स्वीकारला. वरिष्ठ संघानेही पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठण्याची ती पहिलीच वेळ होती.

ऑगस्टमध्ये म्यानमारमधील यांगून येथे वीस वर्षांखालील मुलींची पाळी होती. इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी झाल्याने सुरुवात अडखळती होती. पुढे तुर्कमेनिस्तानवर 7-0 असा विजय मिळाला आणि अखेर यजमान म्यानमारविरुद्ध पूजाने 27 व्या मिनिटाला केलेल्या एकमेव गोलाने प्रवेश पक्का झाला. हा संघही जवळजवळ दोन दशकांनंतर आशियाई स्पर्धेत जात आहे. त्याचेही प्रशिक्षक अलेक्झांडरसनच होते.

तिन्ही ठिकाणी एक साम्य दिसते. तिन्ही गटांत यजमान दुसरा देश होता आणि तिन्ही ठिकाणी भारताने यजमान संघाला त्याच्याच मैदानावर हरवले. 2022 मध्ये घरच्या मैदानाचा आधार असूनही जे साधले नाही, ते 2025 मध्ये परक्या मैदानावर साधले. चीनमधील स्पर्धेत उपांत्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे दार उघडणार आहे. समोर जपानसारखे संघ असताना तेथपर्यंतची वाट खडतर आहे, हे मान्यच करावे लागेल. पण या वेळी भारताच्या मुली ज्या दारातून आत जात आहेत, ते त्यांनी स्वतः उघडलेले आहे.

वयाची मुदत

2026 च्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2009 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच खेळू शकतात. सतरा वर्षांखालील संघात खेळण्याची संधी मुलीला आयुष्यात एक-दोनदाच मिळते. त्या संधीच्या आधी किमान चार-पाच वर्षांचा नियमित सराव लागतो. म्हणजे मुलीने अकरा-बारा वर्षांची असताना मैदानात उतरायला हवे आणि तेरा ते सोळा या वयात मैदान सोडता कामा नये.

नेमक्या याच वयात आपल्याकडील मुली मैदान सोडतात. सातवी-आठवीपर्यंत शाळेच्या संघात हौसेने खेळणारी मुलगी नववीत गेली की शिकवणी वर्ग सुरू होतात; शरीरातील बदलांबरोबर घरातील सूचना वाढतात; दहावीचे वर्ष आले की खेळाचे साहित्य माळ्यावर जाते. मुलाच्या बाबतीत ‘दहावीनंतर पुन्हा खेळेल’ असे म्हटले जाते आणि तो खरोखरच पुन्हा खेळतो. मुलीच्या बाबतीत ते वाक्य सहसा उच्चारले जात नाही.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड नाही असे नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी संघ चालवतात आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यांना गर्दी लोटते. 2017 च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. मुलींसाठीही वाटा आहेत. शालेय पातळीवरील सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा स्वतंत्र विभाग आहे, ‘खेलो इंडिया’च्या अस्मिता उपक्रमातून मुलींच्या लीग भरवल्या जातात, जिल्हा आणि राज्य पातळीवर संघनिवड होते. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. दारे आहेत; त्यांतून जाण्यासाठी मुलीला घरातून निघू द्यावे लागते.

आपल्या घरातील प्रश्न

जैन कुटुंबांना पडणारे प्रश्न काही वेगळे असतात आणि त्यांना हसण्यावारी नेणे योग्य नाही.

पहिला प्रश्न अहिंसेचा. फुटबॉल म्हणजे चामडे, अशी समजूत अजूनही आहे. एकेकाळी ती खरी होती. परंतु 1986 च्या मेक्सिको विश्वचषकात प्रथमच पूर्णपणे कृत्रिम पदार्थांचा चेंडू वापरला गेला आणि आज मोठ्या सामन्यांत कृत्रिम चेंडूच वापरले जातात. बूटही कृत्रिम बनावटीचे सहज मिळतात. खरेदीच्या वेळी दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे, इतकेच.

दुसरा प्रश्न आहाराचा आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा. शाकाहारावर खेळता येते. मात्र त्यासाठी डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये यांचे नियोजन हवे. किशोरवयीन मुलींत रक्तातील लोहाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते, म्हणून वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घेणे हिताचे. संध्याकाळचा सराव हिवाळ्यात सूर्यास्तापलीकडे जातो, तेव्हा सकाळच्या तुकडीची मागणी करता येते. पर्युषणात उपवास असल्यास त्या दिवसांचा सराव थांबवावा आणि प्रशिक्षकांना तसे आधीच कळवावे. शिबिरात वा परगावी नियम कितपत पाळता येतील, हे प्रत्येक कुटुंबाने मुलीशी बोलून ठरवावे. नियम तिने समजून घेऊन पाळला, तर तो तिच्यासोबत परगावीही जातो.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. 2022 मध्ये परदेश दौऱ्यावर गेलेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघातील एका साहाय्यक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून पदावरून दूर करण्यात आले होते. अशी घटना वाचून आई-वडिलांचे काळीज हलले तर ते समजण्यासारखे आहे. त्यावरचा उपाय मुलीला घरी बसवणे हा नाही. सरावाच्या जागी महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे का, दौऱ्यावर सोबत कोण जाणार, तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न पालकांनी प्रवेश घेतानाच विचारावेत. कर्ज देताना जामीनदाराची चौकशी करणाऱ्या समाजाला अशी चौकशी नवी नाही. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर दुसरे केंद्र शोधावे. जिथे पालक विचारतात, तिथे संस्थाही सावध राहतात.

चौथा प्रश्न बहुधा उघड विचारला जात नाही : लोक काय म्हणतील? तो मुलींच्या शिक्षणाच्या वेळीही विचारला गेला होता. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी आपली विधवा कन्या मगनबाई हिला शिकवले, तेव्हा तो विचारला गेला असेल. पुढे त्याच मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून अनेक स्त्रियांना उभे केले. सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी संस्था उभारली, तेव्हाही कोणीतरी तो विचारला असेल. त्याही आधी, आपल्या परंपरेनुसार, भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली. वहीतील अक्षरे आणि आकडे या दोन्हींचे मूळ परंपरा दोन मुलींच्या शिक्षणात पाहते.

घराने काय द्यावे

दहा मुली खेळू लागल्या तर त्यांतील एकही कदाचित भारतासाठी खेळणार नाही. हे पालकांनी आधीच मनाशी धरावे. व्यापारातही प्रत्येक सौदा नफ्याचा नसतो. म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. जी मुलगी चार वर्षे संघात खेळली, एका गोलाने मागे पडल्यावर उरलेला वेळ डोके शांत ठेवून खेळायला शिकली, बदली खेळाडू म्हणून बाकावर बसून आपली पाळी येईपर्यंत तयार राहिली, तिने जे कमावले ते पुढे गादीवर बसताना, परीक्षेत किंवा संसारात तिच्यापाशीच राहते.

2022 मध्ये मुलींना प्रवेश मिळाला. पण पात्रतेची परीक्षा देण्याची संधी मिळाली नव्हती. 2025 मध्ये ती परीक्षा देता आली आणि मुलींनी ती उत्तीर्ण करून दाखवली. घरातही हाच नियम लागू पडतो. मुलीला यश देणे कोणत्याही पित्याच्या हाती नाही आणि तिच्या वतीने ते कमावणेही शक्य नाही. सकाळचे दोन तास, एक बुटांचा जोड, मैदानापर्यंत सोबत आणि दहावीच्या वर्षीही खेळ सुरू ठेवण्याची मोकळीक, एवढे मात्र घराला देता येते. नव्या शैक्षणिक वर्षात शाळेचा संघ निवडला जाईल, तेव्हा सहावी-सातवीतील मुलगी अर्ज घेऊन घरी येईल. त्यावर पालकांच्या सहीची जागा असते. ती सही वेळेवर व्हावी.